बेंजोतला फॉल्ट

"मॅडम, बेस कुठाय?"

बाळासाहेब स्पीकरच्या भिंतीकडे हात करून मला विचारत होते. जागा दौंड, त्यांच्या बेंजो पार्टीच्या गोडाऊनपुढचं मैदान. ट्रकवर स्पीकर रचलेले, पुढे खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांत दुसऱ्या पार्ट्यांचे मालक, मंडळांचे अध्यक्ष आणि बाळासाहेबांची स्वतःची वाजवणारी माणसं. नवा अल्बम आधी असा आपल्या लोकांना ऐकवायचा आणि मग बाहेर सोडायचा, ही त्यांच्या पार्टीची पद्धत. पहिलं गाणं लागून जरा कुठे वेळ झाला होता, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माणसं घरी गेली नव्हती. ती स्पीकरच्या मागे गेली होती, वायर कुठून सुटली ते शोधायला.

"बेस नाही," मी म्हटलं.

"न्हाई म्हंजी? डबे बंद पडले का काय?"

"स्पीकरचे डबे ठीक आहेत. गाण्यातच बेस नाही. ठेवलाच नाही."

मी मिसळ वाढून तर्री ठेवलीच नाही म्हणून सांगावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओरडले, "संदीप, वाढव रं जरा!"

संदीप म्हणजे पार्टीचा साऊंड ऑपरेटर. हुशार माणूस आहे, पण त्याचा हात एकाच दिशेला फिरतो. त्याने आवाज वाढवला. बेंजो मोठा झाला आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं मोठं झालं. बेंजोची बटणं दाबल्याची टकटक, वाजवणाऱ्या मामांचा श्वास, त्यांच्या शेजारी बसलेल्या मामींच्या बांगड्या, आणि खिडकीबाहेरची एक कोंबडी. ती कोंबडी मी हौसेने रेकॉर्डिंगमध्ये राहू दिली होती. दौंडच्या मैदानात ती शहामृगाएवढी होऊन ओरडली.

"ट्रकात कोंबडी हाय का ओ कुणाची?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

दोघे जण ट्रकखाली शिरून अर्थिंग तपासत होते. तिसरा संदीपला समजावत होता, "जॅक साफ कर. माझ्या मशीनला बी असंच झालं हुतं." मी एकटीच उभी होते आणि माझी कानशिलं तापली होती. इतकं मन लावून केलेलं काम, आणि जमलेली झाडून सगळी माणसं त्याला फॉल्ट म्हणत होती.

मी शिरूरला रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवते. स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो. कीर्तनं, नेत्यांच्या वाढदिवसाची गाणी, निवडणुकीचा प्रचार, रिक्षावर फिरणारी चादरीच्या सेलची जाहिरात, हे सगळं माझ्याच खोलीतून गेलेलं आहे. तुमच्या गल्लीत सकाळी सकाळी जी बाई सेलचे भाव ओरडून तुमची झोप मोडते, ती बहुधा मीच. त्यामुळे मोठ्या आवाजाचं मला वावडं आहे असं कुणी समजू नये. मी त्यावरच जेवते.

आता बेंजो. आपल्याकडचा बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर जुन्या टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या. तारांजवळ पिकअप बसवतात, तो आवाज उचलून वायरने मशीनला देतो. वरातीतला, मिरवणुकीतला जो कर्कश, छातीत घुसणारा बेंजो तुम्हाला माहीत आहे, तो निम्मा बेंजो आणि निम्मं मशीन असतो. पिकअप काढून टाका. पेटीतून जो उरेल तो आवाज एखादा माणूस शेजारी बसून हळू बोलतो तेवढाच असतो. तो फारसा कुणी ऐकलेलाच नाही. पुष्कळ वाजवणाऱ्यांनीही नाही.

तो आवाज मला ऐकवला मामांनी.

मामा निमोण्याचे. बाळासाहेबांचे सख्खे मामा, म्हणून पार्टीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. भाच्याने दौंडला पार्टी काढली तेव्हापासून पहिला बेंजो मामांचा. मिरवणुकीच्या ट्रॉलीवर त्यांची बैठक कायम एकाच जागी, उजवीकडे स्पीकरला खेटून. उभी हयात तिथे गेली. पार्टीचं नाव गावोगावच्या बॅनरवर झळकलं, मामांचं नाव कुठे आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर ते एकटेच माझ्या स्टुडिओत आले. खुर्चीवर बसले आणि खुर्ची फिरवून डावा कान माझ्याकडे केला.

"पोरी, उजवा गेला," ते म्हणाले. "डावा बी निघालाय. डॉक्टर म्हणतोय, जेवढा शिल्लक हाय तेवढा जप."

"बाळासाहेबांना सांगितलंत?"

"न्हाई. आन् तू बी सांगायचं न्हाई. त्यानंच मला त्या डब्याशेजारी बसवला. मानानं बसवला. आता कळलं तर पोरगं सोताला खात बसंल."

मग त्यांनी मला त्यांच्या कानाची गंमत सांगितली. गंमत हा त्यांचा शब्द. मोठा आवाज आला की कानात पत्रा फडफडल्यासारखं होतं, सूर कळतच नाही. बारीक आवाज मात्र जवळून आला तर अजून सरळ येतो. म्हणजे ज्या पार्टीत ते वाजवत होते, तिथे स्वतःचं वाजवणं त्यांना ऐकू येत नव्हतं. बोटांच्या सवयीवर चाललं होतं.

"मला ऐकू यील असं एक रेकॉर्डिंग करून दे," ते म्हणाले. "डावा हाय तवर ऐकतो."

एवढीच ऑर्डर होती. माझ्याकडे रोज लोक येतात आणि म्हणतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं करा. एका माणसाला ऐकू येईल असं करा, हे पहिल्यांदाच कुणी म्हटलं.

रेकॉर्डिंग निमोण्यात मामांच्या घरी केलं. माझ्या स्टुडिओत तो कॉम्प्रेसर आहे, शिवाय तिथे मामांची बोटं अवघडायची. माजघरात भिंतींना गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. एकच माइक ठेवला, बेंजोपासून हातभर अंतरावर. मामांनी पिकअप काढून टाकला. बटणांची टकटक कमी व्हावी म्हणून मामींच्या जुन्या स्वेटरचे तुकडे कापून प्रत्येक बटणाखाली चिकटवले. टकटक कमी झाली, गेली नाही. मीही मग ती राहू दिली. शेतातल्या मोटारीची लाईट आली की पंप घोंघावायचा, तेवढा वेळ आम्ही चहा प्यायचो.

मामांनी वरातीतलं एकही गाणं घेतलं नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या चाली, कापणीच्या वेळची भलरी, मोटेवरची गाणी, बाळाला झोपवायची गाणी. शब्द नाहीत, नुसता बेंजो. एका ओवीला मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "चुकताय! तिथं खाली यायचं!" आणि हात पुसत येऊन शेजारी बसल्या. ती ओवी त्यांनी हलकेच गुणगुणली, मामांनी त्यांच्या मागोमाग वाजवली. बांगड्या वाजल्या त्या तेव्हाच्या. हेडफोन लावून ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कामात असं सहसा होत नाही, चादरीच्या सेलला तर नाहीच.

गाणं बाहेर जाण्याआधी मास्टरिंग करतात. कपड्याला शेवटची इस्त्री म्हणतो तसं ते. हल्ली त्यात एक खोड शिरली आहे. हळू आवाज उचलून मोठा करायचा, मोठा दाबून बसवायचा, म्हणजे सगळं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात ओरडत राहतं. मी ते केलं नाही. मामांनी पट्टी हलकी धरली तिथे हलकंच ठेवलं.

रेकॉर्डिंगची बातमी बाळासाहेबांपर्यंत गेलीच. मामांचा अल्बम म्हटल्यावर ते भलते खूश झाले. पार्टीच्या नावाने काढू म्हणाले, धूमधडाक्यात काढू म्हणाले. मामांना नाही म्हणता आलं नाही. म्हणून दौंडचं ते मैदान, त्या खुर्च्या आणि ती कोंबडी. मामा त्या दिवशी आले नव्हते, तब्येतीचं निमित्त सांगून घरीच थांबले. बरंच झालं.

माणसं पांगल्यावर बाळासाहेब माझ्याजवळ आले. चिडलेले नव्हते, ते एक वेळ परवडलं असतं. काळजीत होते.

"मॅडम, लोकं हसली आज. मामाचं हसं झालं. मला न्हाई चालणार."

"कोंबडीला हसली."

"मामाचा बेंजो म्हंजी पुलापलीकडं ऐकू जायचा. लोक म्हणत्याल, म्हातारा थकला. तुम्ही असं करा, मला त्याचे ट्रॅक द्या. खाली बेस टाकू, ढोल टाकू, मग काढू."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साधारणपणे प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करतात, त्याला ट्रॅक म्हणतात. मग त्यात हवं ते घाला, नको ते काढा. आम्ही एकाच माइकवर सगळं घेतलं होतं. बेंजो, मामी, बांगड्या, कोंबडी, सगळं एकाच भांड्यात.

"ट्रॅक नाहीत," मी म्हटलं. "आणि असते तरी दिले नसते."

"का पण?"

कारण मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. बेस आणि ढोल पडले की मामांच्या कानात पत्रा फडफडणार. त्यांच्या हौसेने काढलेला अल्बम त्यांनाच ऐकता येणार नव्हता. पण मी शब्द दिला होता.

"मामांनी जसं वाजवलंय तसंच जाईल," एवढंच म्हटलं.

"मग पार्टीच्या नावावर न्हाई जायचं. आन् पार्टीचं दुसरं काम बी तुमच्याकडं न्हाई यायचं, मॅडम. वाईट वाटून घेऊ नका."

"घेत नाही," मी म्हटलं. घेतलं होतं. पण गाडीला किक मारेपर्यंत मान ताठ ठेवली.

हे प्रकरण इथे थांबलं असतं, पण संदीप थांबला नाही. त्याने मैदानात वाजवलेली फाईल घेऊन एका सॉफ्टवेअरमध्ये घातली. हल्ली असं सॉफ्टवेअर निघालं आहे, एकत्र झालेलं गाणंसुद्धा ते वाद्यावाद्यात फोडून देतं. बेंजोच्या बटणांची टकटक त्याला ढोलकी वाटली. संदीपने ती टकटक मोठी केली, खाली बेस टाकला, ढोल टाकले, मामींचा आवाज भोंग्यासारखा केला आणि मला पाठवून दिलं. खाली लिहिलं, बाळासाहेब म्हणतात हाच काढू, कसं वाटतं?

खोटं कशाला बोलू? पाय हलला. माझाही. संदीप कामात कच्चा नाही.

दुसऱ्या दिवशी मी निमोण्याला गेले आणि मामांना ते ऐकवलं. त्यांनी फोन डाव्या कानाशी धरला आणि झटकन लांब केला. परत धरला. परत लांब केला.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मामी फणकारल्या, "तुम्ही एक ऱ्हाऊ द्या, मी कुठं हाय ते सांगा आधी."

"भाचा हौसंनं करतोय," मामा म्हणाले. "जाऊ दे, निघू दे तसंच."

"नाही निघू देणार," मी म्हटलं. तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली, कारण माझ्या हातात काहीच नव्हतं.

मग मी एक उद्योग केला. आपण बरोबर आहोत हे दाखवून द्यायची खुमखुमी होती. मूळ रेकॉर्डिंगमधली दोन गाणी ओळखीच्या सगळ्यांना पाठवली आणि लिहिलं, मनापासून सांगा. लोकांनी मनापासून सांगितलं.

माझ्या सख्ख्या वहिनीचा पहिला मेसेज होता, "कोण गेलं?"

माझ्या डेंटिस्टला फार आवडलं. वेटिंग रूममध्ये लावतो म्हणाला. दाढ उपटण्याआधी माणूस गप बसावा म्हणून मामांनी हयात घालवली नव्हती. एका मंगल कार्यालयवाल्याने कळवलं, पंगतीला चालेल, पण वाढप्यांचा आवाज त्याच्यावर येईल. एका शिक्षकांनी दुसरी फाईल करप्ट आहे, गाणं सुरूच होत नाही, अशी तक्रार केली. सुरू झालेलं होतं. त्यांनी फोनचा आवाज वाढवला नव्हता आणि पंखाही बंद केला नव्हता.

एकच व्हॉइस नोट वेगळी होती. रांजणगावच्या कंपनीत प्रेसवर असलेल्या माझ्या मावसभावाची. "ताई, दिवसभर मशीन ठोकत आसती डोक्यात. बसमधी हेडफोन लावला. कारेगाव गेलं, शिरूर आलं, मला पत्ताच न्हाई. झोप लागली बघ. दुसऱ्या दिशी परत लावलं, परत झोप लागली. लई भारी हाय."

याला कौतुक समजावं का, मला कळेना. मामांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "आगं, भलरी ऐकून झोपला? भलरी मान्सं कामाला लावायचं गाणं हाय!"

हसले खरे, पण त्यानंतर दोनदा विचारलं, "परत लावलं म्हणाला ना?"

त्या प्रश्नाने माझा निश्चय पक्का झाला. मी बाळासाहेबांना फोन केला.

निमोण्याच्या यात्रेत छबिन्याच्या, म्हणजे देवाच्या रात्रीच्या पालखीच्या, दुसऱ्या सकाळी हजेऱ्या असतात. वाजंत्री, लेझीम, तमाशातली माणसं, बेंजो पार्ट्या, सगळे देवापुढे येऊन आपापलं वाजवतात, गाव त्यांना नारळ आणि टोपी देतं, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. बाळासाहेबांची पार्टी दरवर्षी मामांच्या गावात हजेरी देते. यंदा तिथे ट्रकवर संदीपचा अल्बम वाजणार होता. मी म्हटलं, त्याच्याआधी मूळचा वाजू द्या. मामांच्या गावातच वाजू द्या. माझे स्पीकर, माझी जबाबदारी.

"आन् लोकं उठून गेली तर?"

"तर संदीपचा काढा. मी तोंड उघडणार नाही."

"मॅडम, तुम्ही लई हट्टी हाय."

"हो," मी म्हटलं. यावर वाद नव्हता.

यात्रेच्या सकाळी देवळामागच्या चिंचेखाली मी स्टुडिओतले दोन छोटे स्पीकर मांडले. बसलेल्या माणसाच्या कानाला येतील एवढ्या उंचीवर, स्टुलांवर. आवाज लावून पाहिला, खोलीत शेजारी बसून मामा वाजवतील तेवढाच. मग आवाजाच्या बटणावर चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे मारले, संदीपच्या देखत. तो म्हणाला, "मॅडम, एवढ्यात तर कुत्रं बी येणार न्हाई." मी म्हटलं, कुत्र्यांसाठी केलेलं नाही.

मामा पांढरं धोतर, नवी टोपी घालून आले आणि माणसांत मागे बसले. देवळापुढची हजेरी आटोपून लोक चिंचेकडे वळले. बाळासाहेबांनी माइकवर सांगितलं, "आता आमच्या मामाचा नवा अल्बम." मी बटण दाबलं.

आणि पुन्हा दौंड झालं. लोकांनी वाट पाहिली. मग माना वळल्या. "लागलं का?" "लाईट गेली का?" "वायर बघा की कुणीतरी!" आलेली निम्मी पोरंसोरं खेळण्यांच्या दुकानांकडे निघूनही गेली. बाळासाहेब ट्रकजवळ हाताची घडी घालून उभे होते.

तेवढ्यात गावातले भाऊआप्पा पुढे आले. देवळाचा भोंगा, शाळेचा माइक, गावातलं जे काही बोलतं ते सगळं दुरुस्त करणारे हेच आप्पा. खिशातून टेस्टर काढून ते वाकले, वायर हलवली, आणि चालू आहे का बघायला कान स्पीकरला लावला.

तसेच वाकून राहिले.

"काय झालं वो, आप्पा?" कुणीतरी ओरडलं.

आप्पांनी न बघता मागे हात हलवला. गप म्हणाले. मग टेस्टर खिशात घातला आणि तिथेच मांडी घातली.

आप्पांना काय सापडलं ते बघायला चारपाच जण पुढे आले. तेही वाकले. जागा पुरेना, तसे बसले. मागच्यांना वाटलं, मोठाच बिघाड दिसतोय, म्हणून तेही आले. मी हे सगळं उभ्याने बघत होते. दौंडला लोक फॉल्ट शोधायला स्पीकरच्या मागे गेले होते. इथे मागे चिंचेचं खोड होतं, म्हणून पुढून आले. एवढाच फरक. यात माझी हुशारी काडीची नाही.

तिसरी चाल मामींच्या ओवीची. ती लागली आणि बायकांतली एक वयस्क बाई ठसक्यात म्हणाली, "असं न्हाई ते. आमच्या आईकडं तिथं वर जायचं."

"खाली यायचं," मामी दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या.

"वर!"

"जातं कुणाचं हुतं? आमचं! खाली!"

बाईंनी वर जाऊन म्हणून दाखवलं. मामींनी खाली येऊन म्हणून दाखवलं. आणखी दोघींनी आपापलं म्हटलं. माणसं शू शू करायला लागली, कारण स्पीकरमधला बेंजो ऐकू येईना. मला नाचावंसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी वायरबद्दल, बेसबद्दल न भांडता गाण्याबद्दल भांडत होतं.

सगळे बसले नाहीत, तेही सांगते. पुष्कळ जण जिलेबीकडे गेले. पार्टीतलीच दोन पोरं फोनवर रील बघत होती. पण जे जवळ आले ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

गर्दी स्पीकरभोवती दाटली तसे मागे बसलेले मामा उठले. लोकांनी वाट दिली. ते एका स्पीकरजवळ आले, खाली बसले आणि मान वळवून डावा कान त्याला जवळजवळ टेकवला. डोळे मिटले.

बाळासाहेब ट्रकपासून निघाले. मला वाटलं, आता वाढवा म्हणणार. ते मामांच्या उजव्या बाजूला येऊन वाकले आणि म्हणाले, "मामा, जरा वाढवायचा का?"

मामांनी ऐकलं नाही.

"मामा."

मामा तसेच. ओठ हलत होते, बोटं मांडीवर बटणं दाबत होती.

"मामा," बाळासाहेब तिसऱ्यांदा म्हणाले, या वेळी अगदी कानाशी. उजव्या कानाशी. मग ते सरळ झाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. सांगणार नाही असा शब्द दिला होता, डोळे मिटेन असा दिला नव्हता.

त्यांचा चेहरा उतरला होता. मग वळून सरळ ट्रककडे गेले. त्यांचा जनरेटर सकाळपासून धडधडत होता, संदीपच्या अल्बमची तयारी म्हणून. आम्हाला त्या धडधडीची इतकी सवय, की तो चालू आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी आवाजाचीच माणूस.

"बंद कर ते," बाळासाहेब म्हणाले.

"आपलं लावायचंय ना आता?" संदीप म्हणाला.

"बंद कर म्हणतो ना!"

जनरेटर बंद झाला. बेंजो एकदम जवळ आला, बटणाला हातही न लावता. मागच्या रांगेतल्या माणसांच्या माना वर झाल्या. कोंबडी ओरडली. या वेळी कुणी हसलं नाही, कारण खरीखुरी एक कोंबडी शेजारच्या अंगणातून तिला उत्तर देत होती.

मामांनी डोळे उघडले, समोर बघितलं. बाळासाहेब लांब, बंद जनरेटरवर हात ठेवून उभे होते. दोघांत काय समजलं ते त्यांचं त्यांना माहीत. पुढे काय बोलणं झालं तेही मी विचारलं नाही. एवढं कळलं, की त्या हंगामापासून मामा ट्रॉलीवर चढले नाहीत, आणि दौंडला बाळासाहेबांनी वाजवणाऱ्या सगळ्यांना कानात घालायची बोळी आणून दिली. घालत कुणी नाही. पण ते रोज ओरडतात.

संदीपचा अल्बम त्या सकाळी वाजला नाही. मूळचा निघाला, आणि त्यावर पार्टीचं नाव नव्हतं, मामांचं होतं. नेटवर चढवायचं काम मात्र संदीपनेच केलं. खाली माहिती काय टाकायची म्हणून त्याने मामांना फोन केला. मामा स्पीकरफोनवर ओरडले, म्हणजे ते आता ओरडूनच बोलतात, "लिही, आवाज बरोबर हाय. जवळ या."

त्याने तसंच लिहिलं. अल्बम गाजला वगैरे नाही. डेंटिस्ट लावतो, मावसभाऊ झोपतो, त्या यात्रेतल्या बाई अजून कळवतात की तिथे वर जायचं. माझ्या स्पीकरच्या बटणावरची चिकटपट्टी मी काढलेली नाही. या धंद्यात मी एक शिकले. आवाज कमी येतो अशी तक्रार आली, की आधी आपलं मशीन उघडू नये. तक्रार करणारा कुठे उभा आहे आणि त्याच्या शेजारी काय धडधडतंय, ते बघून यावं.

चढवल्यावर थोड्याच वेळात पहिली कॉमेंट आली. "बेस कुठाय?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं, चांगलं लांबलचक आणि झोंबणारं. ते पुरं होण्याआधीच खाली बाळासाहेबांचं आलं होतं.

"ठेवलाच न्हाई."